हिरामणच्या शेतातली लाइन

कर्जत स्टेशनाबाहेरच्या पानाच्या टपरीवर एक पुठ्ठा टांगलेला होता. 'छोटी रेल्वे पाहा! जुनी भातगिरण, भिसेगाव. दर रविवारी सकाळी दहा ते बारा. प्रवेश विनामूल्य.' शेवटचे दोन शब्द वाचले मात्र, हिरामण बडेकरच्या मनात पाल चुकचुकली.

विनामूल्य? म्हणजे फुकट? कर्जतात फुकट काय मिळतं हो? चुना जरा जास्त मागितला तर टपरीवाला कपाळाला आठ्या घालतो. आणि इथे कुणी तरी रेल्वे बांधायची, ती लोकांना दाखवायची, आणि वर पैसे घ्यायचे नाहीत! ह्यात काहीतरी काळंबेरं असलंच पाहिजे. हिरामणने पुठ्ठा दोनदा वाचला, मग उलटा करून मागची बाजू बघितली. मागे साबणाची जाहिरात होती. त्याने त्याचं समाधान झालं नाही.

ही अठ्ठ्याहत्तर सालची गोष्ट. हिरामण तेव्हा खोपोलीच्या एका कारखान्यात टाइमकीपर होता. म्हणजे गेटावर बसायचं आणि कोण किती मिनिटं उशिरा आला ते लिहायचं. अठरा वर्षं हेच काम केल्यावर माणसाला दुसऱ्यावर विश्वास ठेवायची सवय राहत नाही. 'सायकल पंक्चर झाली' असं कुणी सांगितलं, तर हिरामण बाहेर जाऊन दोन्ही चाकं दाबून बघायचा. पुन्हा हे सगळं अगदी मनापासून करायचा, त्यामुळे कारखान्यात त्याला मान फार आणि मित्र एकही नाही.

घर भिसेगावात, आणि घरामागे त्याचं शेत. पावसाळ्यात भात, थंडीत वाल. कडेला विहीर, बांधावर रायवळ आंबा. ह्या शेतावर त्याचा जीव होता. त्याला कारणही होतं. त्याच्या बापाने एकदा कुणाच्या तरी सांगण्यावरून एका कोऱ्या कागदावर अंगठा उठवला, आणि खोपोलीकडची वरच्या अंगाची चांगली पट्टी बघता बघता एका कारखान्याच्या रस्त्यात गेली. म्हातारा मरेपर्यंत त्या रस्त्यावरून चालला नाही. कुठे जायचं झालं तर लांबचा वळसा घालून जायचा. मरताना म्हणाला, "हिरामण, हाय तेवढं राख रं." तेव्हापासून हिरामणने दोन गोष्टी मनाशी पक्क्या केल्या होत्या. कुठेही सही करायची नाही, आणि शेत जाऊ द्यायचं नाही.

आता त्या बांधाबद्दलही थोडं सांगायला हवं. हिरामणच्या शेताच्या बांधापलीकडे गजा ठोंबऱ्याचं शेत. गजा दिवसभर कळंबच्या रस्त्याला वीटभट्टीवर मुकादमी करायचा, त्यामुळे शेताकडे त्याचं लक्ष कमी. हिरामणला मात्र बांध सरळ करायची हौस होती. पावसाच्या आधी बांधाची डागडुजी सगळेच करतात. हिरामण जरा जास्त करायचा. गजाच्याच रानातली पाटीभर माती कुदळीने खरवडून बांधाच्या पलीकडच्या अंगाला थापायची, आणि अलीकडच्या अंगाची तेवढीच काढून टाकायची. असा बांध दर वर्षी सरळ व्हायचा. सरळ होता होता तो नेमका गजाच्या अंगाला सरकायचा, त्याला हिरामण तरी काय करणार?

आंब्याच्या दिवसांत गजा एकदा कुरकुर करायचा. "आंबा माज्या आजानं लावलाय रं. बांधाच्या माज्या अंगाला व्हता."

"मग आता माज्या अंगाला कसा आला? झाड काय चालत आलं का हिकडं?" हिरामण विचारायचा. ह्यावर गजाला उत्तर सुचायचं नाही. पाडाचे आंबे हिरामणच्या घरी जायचे.

तर असा हा हिरामण. रविवारी सकाळी तो जायला निघाला. बायको सोनाबाई वालाच्या शेंगा सोलत बसली होती. ती म्हणाली, "पोराबाळांचा ख्येळ असंल. तुमी कशाला जाता?"

"ख्येळ हाय का आनखी काय हाय, त्येच बगायचं हाय," हिरामण म्हणाला.

भातगिरणीच्या दारात एक उंच, पांढऱ्या मिशांचा गृहस्थ उभा होता. हे मालोजीराव. बोरघाटात गाडी चढवायची तर कर्जतला तिला मागून ढकलणारं इंजीन लावतात. ते चालवण्यात मालोजीरावांची तीस वर्षं गेली होती. तीस वर्षं पुढे फक्त शेवटच्या डब्याची पाठ बघितली. रिटायर झाल्यावर त्यांनी चार हौशी जमवले, बंद पडलेली गिरण मागून घेतली, आणि 'छोटी रेल्वे मंडळ' काढलं. इथे तेच सगळ्यात पुढे असायचे.

"या, या! चपला बाहेर काढा," मालोजीराव म्हणाले.

चपला का? हिरामणने लगेच हिशेब केला. अनवाणी माणसाला पळता येत नाही. तरी त्याने चपला काढल्या, पण दाराच्या अगदी जवळ, तोंड बाहेरच्या बाजूला करून ठेवल्या.

"आणि ह्या वहीत नाव, गाव आणि सही."

आलंच!  बापाचा अंगठा हिरामणच्या डोळ्यांपुढे उभा राहिला. परत फिरावं तर आत काय चाललंय ते कधीच कळणार नाही. मालोजीराव तर पेन पुढे करून हसत उभे. आणि हसऱ्या माणसाला हिरामण सगळ्यात जास्त भ्यायचा. शेवटी त्याने पेन घेतलं, क्षणभर विचार केला, आणि झोकात लिहिलं: 'गजानन पांडुरंग ठोंबरे, भिसेगाव.' खाली सहीसुद्धा ठोकली. काय व्हायचं ते गजाचं होऊ दे!

आत गेला आणि तो बघतच राहिला. अख्ख्या गिरणीत भिंतीपासून भिंतीपर्यंत टेबलं मांडलेली, आणि त्यांच्यावर सगळा मुलूख उभा. कर्जत स्टेशन, त्याचा पूल, पलीकडे प्लास्टरचा घाट, घाटात बोगदे. खोपोली होती, तिथल्या वीजघराचे डोंगरावरून उतरणारे पाइप होते. वीतभर लांबीचं इंजीन शेवटच्या डब्याला येऊन टेकलं, आणि गाडी कुरकुरत घाट चढू लागली. हिरामणच्या तोंडून "आयला!" निघून गेलं. क्षणभर तो सगळा संशय विसरला होता, हे कबूल केलं पाहिजे.

मग त्याची नजर भिसेगावच्या कोपऱ्यात गेली. गावातली घरं, गावदेवीचं देऊळ. आणि देवळामागे त्याचं शेत! विहीर तीच, आंबा तोच, बांध तोच. हिरव्या लोकरीचा वालसुद्धा पेरलेला. आणि त्या वालामधून, बरोब्बर मधून, आगगाडीची एक लाइन गेलेली.

ती लाइन दिसल्यावर त्याला दुसरं काही दिसेना. आंबा कुठे, विहीर कुठे, कोण कुणाच्या कुठल्या अंगाला, हे बघायचं भान कुणाला?  त्याच्या शेतात खऱ्याने कुठलीही लाइन नव्हती.

"ही... ही लाइन कसली?" त्याने विचारलं.

"ही नवीन!" मालोजीराव खुलले. "येत्या तेवीस तारखेला सुरू."

"तेवीस? म्हंजे ह्याच महिन्यात? मंजूर कुनी केली?"

"मंडळाने. एकमताने."

"आन् शेतकऱ्याला इचारलं?"

मालोजीराव हसले. "शेतकरी अजून बसवायचाय. ते लेले करतायत, मातीचा."

कोपऱ्यात डोळ्याला भिंग लावून बसलेल्या एका बारीक माणसाने मान वर केली. हे लेले, रिटायर्ड ड्राफ्ट्समन. त्यांच्या हातात खरंच मातीचा एक माणूस होता, अजून मुंडकं न लावलेला. हिरामणने नजर दुसरीकडे वळवली.

मग त्याने खिशातल्या रुमालाने लाइनीची लांबी-रुंदी मोजली आणि तो विचारत सुटला. किती गुंठे जातात? विहीर वाचते का? हे सगळं खरं आहे की अंदाजपंचे? शेवटचा प्रश्न लेल्यांना झोंबला.

"अंदाजपंचे? अहो, घाट आखडता घेतलाय, कारण तेवढी जागाच नाही. पण भिसेगाव! भिसेगाव मी जुन्या मोजणीच्या नकाशावरून केलंय. एक काडी इकडची तिकडे नाही."

जुन्या मोजणीचा नकाशा! म्हणजे सरकारी कागद! आता काही शिल्लकच राहिलं नाही. हिरामण दाराकडे निघाला, तेव्हा मालोजीराव लेल्यांना म्हणत होते, "इतकं बारकाईने बघणारा हा पहिलाच माणूस. नाव लिहून ठेवा." हिरामणने चपला हातात घेतल्या आणि अनवाणीच घर गाठलं.

सोनाबाईने सगळं ऐकून घेतलं. "म्हंजे त्या ख्येळन्यातल्या गाडीला भ्याला व्हय तुमी?" तिने विचारलं.

"अगं, ख्येळन्याचं नाव पुढं करत्यात. घर बांदायच्या आदी नमुना करत्यात का नाय? तसा हा नमुना हाय. तेवीस तारीख ठरली बी!"

"तेवीसला रेल्वे येनार, आन् अजून एक खडी पडली नाय?"

हिरामण रागावून तडक सदूकडे गेला. सदू एकेकाळी कोर्टात शिपाई होता. दाराबाहेर उभं राहून नावं पुकारता पुकारता आपण कायदा शिकलो, असं त्याचं म्हणणं होतं, आणि भिसेगावात ते सगळ्यांनी मान्य केलं होतं. सदूने डोळे मिटून ऐकलं.

"तीन गोष्टी कर," तो म्हणाला. "पयली, तलाठ्याला जाऊन इचार. त्यो नाय म्हनला तर समज की खरं हाय. दुसरी, मोजनीचा अर्ज टाक. हद्दीचे दगड पक्के असले की सरकार दबून असतं. तिसरी, शेतात देव बसव. मानसाला उठवत्यात रं, देवाला उठवायला सरकारबी घाबरतं."

तलाठी भाऊसाहेब चहा पीत होते. हिरामणने आवाज खाली आणून विचारलं, "आमच्या शेतातून लाइन चाललीय, त्येचं काय?"

"कसली लाइन? मला काही माहीत नाही."

"म्हंजे तुमाला बी नाय सांगितलं?" हिरामण हळहळून म्हणाला. हे ऐकून भाऊसाहेबांचा चहा कडू झाला. आपल्याला डावलून वरच्यांनी परस्पर काही ठरवलं की काय? त्यांनी त्याच दिवशी वर पत्र लिहिलं. वरून उलट विचारणा आली की ही लाइन तुम्हाला कुणी सांगितली. म्हणजे दोन्हीकडे संशय पुरता रुजला.

मोजणीच्या अर्जाची तर वेगळीच तऱ्हा झाली. कर्जतच्या कचेरीतला कारकून म्हणाला, "लाइन खालापूरच्या बाजूला जाते म्हणता, मग खालापूरला द्या." हिरामण रजा टाकून खालापूरला गेला. तिथला म्हणाला, "शेत कर्जतचं, अर्ज कर्जतला." पुन्हा कर्जत. "खालापूरच्या शेऱ्याशिवाय घेता येत नाही." चौथ्या खेपेला हिरामणने कारकुनाच्या टेबलावर मूठ आपटली. "त्या गिरनीत जाऊन बगा! एक काडी हिकडची तिकडं नाय! जुन्या मोजनीवरून केलंय त्येनी. त्ये खोटं असंल तर मी बडेकर नाव लावनार नाय!" कारकून दचकला आणि त्याने अर्ज ठेवून घेतला. त्या अर्जावर हिरामणने आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या नावाने सही केली. 

देवाचं काम त्यामानाने सोपं निघालं. उल्हास नदीतून एक गोल धोंडा आणला, शेंदूर फासला, आणि आंब्याच्या बुंध्याशी म्हसोबा म्हणून बसवला. दोन दिवसांत कुणाची तरी हरवलेली म्हैस सापडली. तिसऱ्या दिवशी तिथे चार नारळ फुटले. आता वालामधून पायवाट पडली, पीक तुडवलं जाऊ लागलं. हिरामण कुणाला अडवू शकेना, कारण देव त्यानेच आणला होता.

गावात तर चर्चेला ऊत आला. कुणी म्हणे घरांवरून लाइन जाणार, कुणी म्हणे गावदेवीच्या देवळात तिकीट खिडकी होणार. जो तो हिरामणला विचारी, आणि हिरामण छाती पुढे काढून सांगे, "मी डोळ्यांनी बगितलंय. त्यो नमुना म्हंजे लोखंडावरची रेघ समजा. त्यात चूक व्हनं नाय." हे वाक्य त्याने त्या पंधरवड्यात निदान शंभर लोकांना ऐकवलं असेल. त्यातले काही तर गजाच्या भट्टीवरचे होते.

आणि मग वीस तारखेला गजा हातात एक छापील कार्ड घेऊन सदूच्या ओट्यावर आला. हिरामण तिथेच बसला होता.

"ह्ये बग रं सदू, काय हाय. मला तर काय कळंना."

सदूने मोठ्याने वाचलं. "श्री. गजानन पांडुरंग ठोंबरे यांस सप्रेम नमस्कार. आपण आमच्या कार्यात दाखवलेली आस्था पाहून मंडळ भारावले आहे. तरी नवीन लाइनीचे उद्घाटन आपल्या शुभहस्ते करण्याचे योजिले आहे."

"माज्या हातानं?" गजा चाट पडला. "मी तर तिकडं कदी गेलोच नाय."

हिरामणने कार्डावरचं नाव पुन्हा वाचलं. सगळं त्याला लख्ख दिसलं. वहीत सही गजाच्या नावाची. म्हणजे संमती गजाची. म्हणजे रेल्वेच्या दृष्टीने शेतही गजाचंच! बापाने निदान आपल्या अंगठ्याने आपली जमीन घालवली होती. ह्याने दुसऱ्याच्या नावाने सही करून आपलं शेत त्या दुसऱ्याला देऊन टाकलं होतं. आणि हे सांगायचं कुणाला? सांगितलं तर खोट्या सहीचा गुन्हा. तो तसाच घरी आला आणि न जेवता बसून राहिला. सोनाबाईला खरोखरच काळजी वाटायला लागली.

"बरं वाटत नाय का?"

"शेत चाललं गं," तो म्हणाला.

तेवीस तारखेला सदूच्या पुढारपणाखाली पंचवीस जणांचा मोर्चा भातगिरणीवर गेला. 'जमीन आमच्या हक्काची' अशा घोषणा झाल्या. हिरामण मुद्दाम सगळ्यांच्या मागे, सोनाबाईच्या पदराआड राहून चालत होता. वर पत्र लिहिलेलं, म्हणून चौकशीला तलाठी भाऊसाहेबही आले होते.

मालोजीरावांनी एवढी गर्दी बघितली आणि त्यांचे डोळे भरून आले. सहा महिन्यांत मिळून अकरा माणसं आली होती. "या मंडळी, या! घोषणा कशाला, आत या! चपला बाहेर!"

मोर्चा गोंधळला. पण इतक्या प्रेमाने बोलावल्यावर काय करणार? पंचवीस जणांनी चपला ओळीने काढल्या. वहीपाशी सदूने डोळे वटारून सगळ्यांना बजावलं की आपलं नाव लिहायचं नाही. म्हणून सगळ्यांनी सदूचं लिहिलं.

एवढ्यात मालोजीरावांना गर्दीमागे हिरामण दिसला. "अरे, गजाननराव! असे मागे काय? पुढे या, पुढे!" असं म्हणत त्यांनी त्याला दंडाला धरून ओढलं आणि झेंडूचा हार गळ्यात घातला. टाळ्या वाजल्या त्या फक्त लेल्यांच्या. भिसेगावकर आ वासून बघत राहिले.

"गजाननराव?" कार्ड हातात धरलेला गजा पुढे आला. "गजानन तर मी. ह्यो हिरामन हाय."

मालोजीरावांनी वही आणली. पान उघडलं. गजाने ती सही बराच वेळ बघितली. "माजी सही मलाबी इतकी झोकात येत नाय," तो म्हणाला.

हिरामणने मान खाली घातली. त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. सोनाबाईने कपाळावर हात मारला. पण मालोजीराव घाटातले माणूस. गाडी मध्येच अडली तर ती पुढे ढकलायची एवढंच त्यांना माहीत. त्यांनी हिरामणच्या गळ्यातला हार काढला आणि गजाच्या गळ्यात घातला.

"थांबा," भाऊसाहेब म्हणाले. "आधी सांगा, ही शेतातली लाइन कुणाच्या हुकमाने?"

लेले चष्मा पुसत पुढे आले. "खांबाच्या," ते म्हणाले, आणि गिरणीच्या मधोमध असलेल्या जाड लोखंडी खांबाकडे बोट केलं. "गाडी खोपोलीहून परत वळवायची होती. तिथे हा खांब आडवा. मग लाइन फिरवून ह्या वालाच्या शेतातून काढली. दुसरीकडे जागाच नाही हो. बाकी खऱ्याखुऱ्या गावात तिथे लाइन नाही, हे मलाही माहीत आहे."

 मग सोनाबाईच आधी हसली. मग सदू सोडून सगळे हसले. हिरामणलाही हसू आलं. त्याच्या छातीवरचा धोंडा उतरला होता. शेत वाचलं! नाक कापलं गेलं तर गेलं, शेत वाचलं! बापाला तोंड दाखवायला जागा राहिली. त्याला मालोजीरावांच्या पाया पडावंसं वाटलं.

"चला, ठोंबरे," मालोजीराव म्हणाले. "हे बटन दाबा."

बटन भिसेगावच्या कोपऱ्यात होतं. गजा हार सावरत टेबलावर वाकला. त्याने बटन दाबलं, गाडी निघाली, वालामधून ऐटीत वळली. सगळे गाडीकडे बघत होते. गजा मात्र वाकलेलाच राहिला. त्याने लेल्यांकडून भिंग मागून घेतलं.

"लेलेसायब," तो म्हणाला, "ह्यो बांध, आन् ह्यो आंबा. ह्यो आंबा माज्या अंगाला हाय."

"नकाशात जिथे आहे तिथेच लावलाय," लेले म्हणाले. "एक काडी इकडची तिकडे नाही."

"त्ये मला ठाऊक हाय," गजा म्हणाला. त्याने भिंगासकट मान वळवून हिरामणकडे बघितलं. "हिरामनच सांगत फिरतोय सगळ्यांना. लोखंडावरची रेघ म्हनतोय. इतकी वरसं त्यो मला इचारतोय, झाड काय चालत आलं का? नाय रं हिरामन. झाड नाय चाललं. बांध चालला."

पंचवीस माणसांनी टेबलाभोवती गर्दी केली. भिंग एकाकडून दुसऱ्याकडे फिरलं. प्रत्येकाने बघितलं आणि मग हिरामणकडे बघितलं.

"जुन्या नकाशात चूक असंल," हिरामण कसाबसा म्हणाला.

"ते सोमवारी कळेलच," भाऊसाहेब म्हणाले. "तुमचाच मोजणीचा अर्ज आहे ना? मंजूर झालाय. मोजणीदार येतायत."

"अर्ज मागं घेतो मी!"

"घ्या की. त्याला वेगळा अर्ज लागतो. खालापूरच्या शेऱ्यासह."

सोमवारी मोजणी झाली. सरकारी कामात आजवर कधी झाली नव्हती इतक्या चटकन झाली. बांध अडीच हात गजाच्या अंगात गेलेला निघाला. दगड रोवले गेले. आंबा गजाकडे गेला, आणि बुंध्याशी बसलेला म्हसोबा त्याच्याबरोबर गेला. देव हलवावा तर कुणी हात लावायला तयार नाही, कारण सापडलेल्या म्हशीला आता रेडकूही झालं होतं. गजा काही वाईट बोलला नाही. उलट त्याने देवापुढे फरशी घातली आणि हिरामणला नारळ वाढवायला बोलावलं. तेच हिरामणला जास्त लागलं.

सोनाबाई एवढंच म्हणाली, "सासऱ्यांची पट्टी दुसऱ्यानं नेली म्हनून जलमभर कढ काढलेत. आन् तवा तुमी गजाची पट्टी घेत व्हता."

 हिरामणला वाईट वाटलं. बापाचा तो लांबचा वळसा त्याला आठवला, आणि गजाही इतकी वर्षं मनातल्या मनात असाच वळसा घालत असेल, हेही पहिल्यांदाच जाणवलं. त्याने ठरवलं की झालं ते झालं, आता असं काही करायचं नाही. हा निर्धार त्याने अगदी मनापासून केला होता. तीन-चार महिने टिकलाही.

मग वैशाख आला. गजाने पाटीभर आंबे पाठवले होते, ते खाताना हिरामणला उगीचच भातगिरण आठवली. रविवारी तो तिकडे गेला. चपला काढल्या, वहीत पहिल्यांदाच स्वतःचं नाव लिहिलं, हिरामण धोंडू बडेकर, आणि खाली सही केली. मालोजीरावांना इतका आनंद झाला की त्यांनी त्याला स्टूल आणून दिलं.

स्टूल भिसेगावच्या कोपऱ्यात होतं. वालाच्या जागी आता लेल्यांनी नांगरलेलं रान केलं होतं, आणि त्यात मातीचा शेतकरी उभा होता, मुंडकं लावलेला. बांध, आंबा, सगळं समोर, हाताच्या अंतरावर. हिरामण बघत राहिला. गाडी घाट चढू लागली. बोगद्यात शिरली. सगळ्यांचे डोळे बोगद्याच्या दुसऱ्या तोंडाकडे लागले.

हिरामणने इकडेतिकडे बघितलं. मग हळूच हात पुढे केला आणि करंगळीच्या नखाने बांधाची माती जरा, अगदी जराशी, पलीकडे ढकलली.

"काय रं हिरामन," टेबलाच्या दुसऱ्या बाजूने आवाज आला. तिथे स्टुलावर गजा बसला होता, डोळ्याला भिंग लावून. "बांध सरळ करतोस का?"